महादेवप्पांची जबान

“झालं काम,” असं म्हणत महादेवप्पांनी खुर्ची ओढली, धोतराचा सोगा सावरला आणि उपिटाची बशी पुढ्यात घेतली. तूर चांगल्या भावानं गेली की लातूरच्या मोंढ्यात, आपल्या अडतीच्या दुकानात, ते अगदी याच आवाजात हे दोन शब्द म्हणत. कपाळावरची विभूती अजून ताजी होती. लिंगपूजा आटोपली की लगेच न्याहारी, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. पण आज पूजा झाल्या झाल्या ते कुणाला न सांगता बाहेर पडले होते आणि आत्ता, साडेआठला परत आले होते.

नांदेडच्या त्या लॉजखालच्या खानावळीत टेबलाभोवती घरचीच माणसं होती. बहीण शिवम्मा, धाकट्या भावाची बायको सुकन्या आणि मुलगा अमरेश. जिच्यासाठी हे सगळं बिऱ्हाड लातूरहून येऊन पडलं होतं ती मंजुश्री, सुकन्याची लेक, वर खोलीत होती. दहा वाजता बुद्धिबळ स्पर्धेतला तिचा शेवटचा डाव होता.

“कुठलं काम, अण्णा?” शिवम्मानं विचारलं.

“मंजूचं. आज तिच्यासमोर ती धम्मप्रिया बसणार हाय न्हाई का? तिचे वडील निवृत्तीराव, बिलोलीचे मास्तर. त्यांना गाठलो, चहा पाजलो आन सौदा पक्का करून आलो. आज दोघींची बरोबरी. डोकेफोड करायची गरजच न्हाई.”

सुकन्यानं हात जोडून कपाळाला लावले. अमरेशनं मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि बापाकडे प्रथमच बुद्धिबळातला माणूस म्हणून पाहिलं. शिवम्मानं मात्र हातातला घास बशीत परत ठेवला.

महादेवप्पांचा हिशेब साधा होता. महिला ग्रँडमास्टर व्हायला तीन मोठ्या स्पर्धांत ठरावीक गुण घ्यावे लागतात, त्याला नॉर्म म्हणतात, एवढं ते आता शिकले होते. मंजूचे दोन नॉर्म होऊन सहा वर्षं झाली होती. तिसरा एकदा भुवनेश्वरला अर्ध्या गुणानं गेला, एकदा बेलग्रेडला अर्ध्या गुणानं गेला. त्या अर्ध्या गुणानं घराचा नुसता जीव खाल्ला होता. आज बरोबरी झाली तरी तो मिळत होता. आणि त्या धम्मप्रियालाही अर्ध्या गुणात तिचा खालचा किताब मिळवून देणारा नॉर्म पुरा करता येत होता. दोन्ही पार्ट्यांचा फायदा, तोटा कुणाचाच नाही. असा सौदा समोर पडलेला असताना जो अडत्या उचलत नाही त्यानं दुकानाला कुलूप लावून काशीला जावं.

“हे करायला तुला कुणी सांगितलं?” शिवम्मा म्हणाली.

“कुणी सांगावं लागतंय का? घरातला मोठा माणूस हाय मी.”

“अण्णा, ही बेइमानी हाय.”

हा शब्द महादेवप्पांना आजवर कुणी तोंडावर म्हटला नव्हता. वजनात, भावात, शब्दात, कशात म्हणून कशात नाही. ते गोरेमोरे झाले.

“आत्या, उगं काहीबी बोलू नका,” अमरेश मध्ये पडला. “सगळे करतेत. शेवटच्या फेरीत पंधरा चालीत हात मिळवून जेवायला जातेत. मी बघतो की मोबाइलवर.”

“दोघींनी पटावर बसून ठरवलं तर तो खेळ हाय, अमरेश. त्यांच्या बापांनी चहा पिऊन ठरवलं तर ती बेइमानी हाय. अशानं एका पोरीवर दोन वर्षं बंदी आलेली मी डोळ्यांनी बघितलेय. माझ्या शेजारी बसून तिची आई रडत व्हती.”

शिवम्माला एक चाल धड खेळता येत नव्हती, पण या बाबतीत तिच्यापुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. मंजूचा बाप गुरुबसप्पा गेला तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. दुपारी लिलाव संपले की तोलारांबरोबर डाव टाकणारा तो माणूस, जाताना पोरीच्या डोक्यात हे वेड ठेवून गेला. “जाऊ दे तिला खेळायला, पण एकटी न्हाई, आत्या संगं जाईल,” असं महादेवप्पांनी तेव्हा फर्मान काढलं, आणि एकोणीस वर्षं शिवम्मा भाकरी-चटणीची पिशवी घेऊन पोरीच्या मागं हिंडली. कोट्टयमपासून जम्मूपर्यंतच्या हॉलबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या तिच्या ओळखीच्या होत्या. पुढं मंजूला सरकारी कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी लागली, ती परदेशी एकटी जायला लागली, सकाळी सहाला कॉम्प्युटरवर कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांना शिकवायला लागली. देशात खेळायचं असलं की मात्र अजूनही आत्याची पिशवी बरोबर असायचीच.

“पण पोरीचं भलंच व्हतंय ना, वन्सं?” सुकन्या हळूच म्हणाली. “सहा वर्षं झाली. रात्र-रात्र तिला झोप न्हाई. अप्पांनी वाईट काय केलं?”

“बघ, तिच्या आईला कळतंय,” महादेवप्पा म्हणाले. तीन विरुद्ध एक झाले होते, त्यामुळे त्यांना उपीट पुन्हा गोड लागायला लागलं.

तेवढ्यात मंजुश्री जिना उतरून आली. निळा कुर्ता, केस घट्ट बांधलेले, हातात पाण्याची बाटली. डावाच्या दिवशी तिच्याशी कुणी फारसं बोलायचं नाही, असा घरचा दंडक होता. पण आनंद पोटात मावेना म्हटल्यावर महादेवप्पांनी तो मोडला आणि सगळं सांगून टाकलं.

मंजू उभ्यानंच ऐकत राहिली.

“ते काय म्हणाले, थोरले अप्पा?”

“हाव म्हणाले. हातात हात दिले. मी जबान दिलो, त्यांनी घेतली.”

ती खुर्चीत बसली. बाटलीचं झाकण तिनं उघडलं, पाणी न पिता लावून टाकलं.

“आज मी बरोबरीसाठीच खेळणार होते,” ती म्हणाली.

“मंग? मी तरी काय म्हणून राहिलो?”

“न्हाई, अप्पा. काळी मोहरी हायत माझी. आठ दिवसांपासून एक भक्कम डाव बसवून ठेवला होता. त्यात ती काही करू शकली नसती. मोहरी मारामारी होऊन संपली असती, हात मिळवून मी उठले असते, आणि तो अर्धा गुण माझा असता, हक्काचा.” तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं महादेवप्पांना जास्तच भीती वाटली. “आता तोच डाव मी खेळले तर तो तुमचा सौदा होतो. कुणाला कळो न कळो. मला कळतंय. तिला कळतंय. आता मला बरोबरी घेता येत न्हाई.”

जी वाट पोरीनं आठ दिवस झाडून ठेवली होती तिच्यावर आपणच दगड आणून टाकला, हे महादेवप्पांच्या लक्षात आलं. पण लक्षात आलं म्हणून लगेच मान्य करतील तर ते महादेवप्पा कसले!

“आन माझी जबान? तिचं काय?” ते म्हणाले. “मोंढ्यात जाऊन इचार. पन्नास वर्षांत कागदावर सही केलो न्हाई मी. बोललो ते केलो. आज त्या मास्तरसमोर मी खोटा पडू?”

“अप्पा, एक सांगा. शेतकरी माल तुमच्या दुकानात टाकून घरी जातो. त्याला न इचारता तुम्ही त्यातलं एक पोतं तरी कधी विकलाव का?”

महादेवप्पांनी उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

“भाव कितीबी चांगला आलेला असू दे. विकलाव का?”

“न्हाई,” ते म्हणाले. खोटं बोलायची सोयच नव्हती. मालकानं हाव म्हटल्याशिवाय माल द्यायचा नाही, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना दुकानाच्या पायरीवर शिकवलं होतं आणि त्यांनी ते याच मंजूला, अमरेशला पाठ करायला लावलं होतं.

“तो अर्धा गुण माझा माल होता,” मंजू म्हणाली. “मला इचारलं न्हाई तुम्ही.”

“पण मंजू, हरलीस तर?” सुकन्याच्या तोंडून निघून गेलं.

“तर हरले, आई. परत सुरुवात.”

“पंचांना सांगायचं का?” शिवम्मानं विचारलं.

“सांगितलं तर त्या पोरीचं नाव येईल. तिनं काय केलंय? वीस वर्षांचीसुद्धा न्हाई ती. मी तिच्याशी बोलते.” मंजूनं उपिटाचे दोन घास घाईघाईनं खाल्ले, महादेवप्पांच्या पायाला नेहमीप्रमाणे हात लावला आणि बाहेर पडली. त्यांच्या तोंडून नेहमीचा आशीर्वाद निघाला तोवर ती रस्त्याला लागली होती.

सुकन्या ताट सारून उठली. “वन्संचं बरोबर हाय, अप्पा,” ती जाता जाता म्हणाली. लग्न होऊन घरात आल्यापासून तिनं थोरल्या दिराला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर होतं.

हॉल म्हणजे खरं तर मंगल कार्यालय होतं. जिथं नवरा-नवरी बसायची त्या व्यासपीठावर पाच टेबलं मांडली होती आणि दोरीच्या अलीकडे बघ्यांच्या खुर्च्या. मोबाइल दारातच काढून घेत होते, म्हणून अमरेश बाहेर थांबला. महादेवप्पा पहिल्या रांगेत बसले. दोरीपलीकडे पाण्याच्या जारजवळ मंजू त्या धम्मप्रियाशी दोन वाक्यं बोलताना त्यांना दिसली. काटकुळी, चष्मेवाली पोर. तिनं ऐकून घेतलं, चष्मा वर सरकवला आणि जोरात होकाराची मान डोलावली. मग दोघी जाऊन बसल्या, हात मिळवले, घड्याळ सुरू झालं. पलीकडच्या टोकाला निवृत्ती मास्तर बसले होते. त्यांनी महादेवप्पांना दुरून नमस्कार केला. महादेवप्पांना नमस्कार परत करायला भलताच वेळ लागला.

पहिला तास त्यांना काही कळलं नाही. सोंगट्या हलत होत्या, घड्याळं दाबली जात होती, एक परदेशी बाई चप्पल काढून मांडी घालून बसली होती. शिवम्मा मात्र पटाकडे बघतच नव्हती. ती मंजूकडे बघत होती.

“डाव्या कानाची पाळी ओढून राहिली ती,” शिवम्मा कुजबुजली. “नेहमीचा डाव न्हाई हा. अवघड वाट धरली तिनं.”

बारा वाजता अमरेश मोबाइल दारात ठेवून आत आला, बापाच्या कानाशी लागला. “अप्पा, मोबाइलवरचा कॉम्प्युटर म्हणून राहिला, मंजू खाली हाय. एक प्यादं देऊन बसली. राजासमोर सगळं मोकळं. ती बिलोलीची पोरगी लई भारी खेळून राहिली.”

“तू बाहेर जा,” महादेवप्पा म्हणाले.

आयुष्यात त्यांनी भाव पडताना पाहिला होता, भिजलेला माल पाहिला होता, सख्ख्या भावाला खांदा दिला होता. पण खुर्चीत हात बांधून बसून, आपल्याच मूर्खपणानं घरची पोर बुडताना बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ना ओरडता येत होतं, ना मध्ये पडता येत होतं. दोरी एवढीशी होती, वाटलं तर ओलांडता आली असती. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला सदऱ्यावरूनच हात लावला आणि काय मागावं हेच त्यांना सुचेना. जिंकू दे म्हणावं तर लोभ झाला, आणि बरोबरी होऊ दे म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

सव्वा वाजता धम्मप्रियानं एक चाल केली, आणि घड्याळ दाबायच्या आधी तिचे ओठ हलले.

शिवम्मानं महादेवप्पांचं मनगट घट्ट धरलं. “बरोबरी मागितली तिनं.”

“सकाळी ठरली तीच का?”

“न्हाई, न्हाई. ती वरचढ हाय, पण घड्याळात तिची चार मिनिटं उरलीत. भ्याली असंल. पटावरची बरोबरी हाय ही, अण्णा. खरीखुरी.”

महादेवप्पा मनातल्या मनात मंजूला सांगायला लागले. घे, पोरी. नुसती मान हलव. सहा वर्षं, भुवनेश्वर, बेलग्रेड, तुझ्या आईच्या जागलेल्या रात्री, सगळं एका मान हलवण्यात फिटतंय. वाईट डावात समोरून बरोबरी चालून आली आहे. यात आता माझा हात नाही, शपथेवर सांगतो, नाही. मागच्या रांगेत सुकन्यानं डोळे मिटून घेतले होते.

मंजू दोन्ही हात गालांवर ठेवून बसली होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिची वेळही काही फार उरली नव्हती. महादेवप्पांना वाटलं, ती पटाकडे बघत नाही, सकाळच्या त्या टेबलाकडेच बघते आहे. आत्ता हात मिळवून उठली असती तर जगात कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. बोट दाखवणारं एकच माणूस होतं, आणि ते तिला आयुष्यभर बरोबर घेऊन हिंडावं लागणार होतं.

चौथ्या मिनिटाला तिनं हत्ती उचलला, पुढं नेऊन ठेवला आणि घड्याळ दाबलं.

“न्हाई म्हणाली,” शिवम्मा म्हणाली. तिनं भावाचं मनगट सोडलं नव्हतं.

महादेवप्पांना आधी राग आला. मग रागाच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं, आणि त्याला काय म्हणावं हे त्यांना लगेच कळलं नाही. पन्नास वर्षं ते स्वतःला शब्दाचा पक्का म्हणवत होते. पण शब्द पाळताना त्यांचं कधी काही गेलं होतं का? दोन-चारदा तोटा झाला असेल, तोही पुढच्या हंगामात भरून निघाला. ही पोर समोर वाढलेलं ताट सारत होती, आणि तेही कुणाला दिलेल्या शब्दासाठी नाही, स्वतःच्याच मनात ठरवलेल्या गोष्टीसाठी. गुरुबसप्पाची पोर. आमच्या घरात वाढलेली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते उपरण्यानं पुसले, लपवले नाहीत.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. धम्मप्रिया घड्याळाकडे बघत खेळत होती. मंजूनं दिलेला उंट तिनं घेतला, घ्यायला नको होता. काळं प्यादं एकेक घर पुढं सरकायला लागलं. बाहेरून अमरेश दारातनंच दोन्ही हात वर करून नाचायला लागला तेव्हा दारावरच्या माणसानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं. आणि दोनला दहा कमी असताना त्या चष्मेवाल्या पोरीनं घड्याळ थांबवलं आणि मंजूपुढं हात केला.

टाळ्या वाजवायला मनाई होती, तरी वाजल्या. लातूरची मंजुश्री महिला ग्रँडमास्टर झाली होती. तिनं आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, महादेवप्पांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पण उठून आली नाही. धम्मप्रिया चष्मा काढून डोळे पुसत होती. मंजू तिथंच बसून राहिली, आणि थोड्या वेळानं त्या दोघी सोंगट्या परत मांडून, इथं हे केलं असतं तर, तिथं ते केलं असतं तर, अशा बोलायला लागल्या. मध्येच ती पोर रडता रडता हसली.

“अप्पा, चला, फोटो काढून राहिलेत,” अमरेश आत घुसत म्हणाला. “लातूरवरून फोनवर फोन येऊन राहिलेत.”

“थांब. आधी माझं एक काम हाय.”

महादेवप्पा उठले आणि खुर्च्यांच्या रांगांमधून पलीकडच्या टोकाला गेले. निवृत्ती मास्तर मुलीची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ज्या माणसाच्या लेकीचा किताब आपल्या लेकीनं आत्ता हिसकावून घेतला त्याच्यापुढे सकाळचा शब्द घेऊन उभं राहायचं होतं. असलं ओझं महादेवप्पांच्या खांद्यावर कधी आलं नव्हतं. त्यांनी हात जोडले.

मास्तर गडबडून उठले. “अहो, हे काय करता!”

“निवृत्तीराव, सकाळी तुम्हाला नको ते बोललो. चूक झाली. तुमच्या पोरीला बी त्यात ओढलो.”

“चूक माझीबी हाय,” मास्तर म्हणाले. “तुमच्यासारखा वडीलधारा माणूस समोर बसून बोलला, मी हाव म्हणून गेलो. खोलीवर जाऊन हिला सांगितलं, तर रिक्षात माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. हॉलच्या दारात म्हणाली, बाबा, मी खेळणार. तुमच्या मंजुश्रीनं पाण्यापाशी तेच सांगितलं म्हणं तिला. दोघी आधीच ठरवून बसल्या व्हत्या, आपल्याला सोडून.” त्यांनी पटाकडे बघितलं. “हरली. पण खरं खेळून हरली. पुढल्या साली करंल नॉर्म.”

“करंल. लई भारी खेळती. आमची मंजू अर्धी मेली व्हती.”

आजूबाजूला चार माणसं जमली होती. मंजूच्या काकांना पेढा भरवायला कुणीतरी पुढं आलं. महादेवप्पांनी त्याला हातानं थांबवलं. बोलायचं राहिलेलं होतं आणि ते मान खाली घालूनच बोलायचं, असं त्यांनी रांगेतून चालत येतानाच ठरवलं होतं.

“तरीबी जबान ती जबान,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “लातूरच्या मोंढ्यात पन्नास वर्षं बसलो, निवृत्तीराव. माझा शब्द मोडायची कुणाची हिंमत झाली न्हाई. व्यापाऱ्याची न्हाई, सावकाराची न्हाई, सख्ख्या भावाची न्हाई. आज मोडला. आमच्या पोरीनं मोडला!”

वाक्य त्यांनी माफी मागायलाच सुरू केलं होतं. संपलं तेव्हा ते पार व्यासपीठापर्यंत ऐकू गेलं, आणि पटावर वाकलेल्या दोन्ही पोरींनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.